मुरगांवचा लोहमार्ग

बेळगांव-लोंढ्याकडून गोव्यांत जाणारी आगगाडी कॅसलरॉक स्टेशनावर कांहीं वेळ थांबते. आजच्या उतारूला तेथें पाहण्यासारखें फारसें कांहीं आढळत नाहीं. भोंवतालीं दाट रान, पावसाळा असला तर धुकें, आणि फलाटावर चहावाल्याची हांक. परंतु साठांहून अधिक वर्षें याच फलाटावर उतारूंच्या वळकट्या सोडल्या जात, पेट्या उघडल्या जात, आणि लुगड्याच्या घडींत कांहीं लपविलें आहे कीं काय, हें हात घालून पाहिलें जाई. घाट उतरून गाडी कुळें येथें पोहोंचली कीं तोच प्रकार पुन्हां होई. वर आधीं इंग्रज सरकारचे व १९४७ नंतर भारत सरकारचे अंमलदार असत, खालीं पोर्तुगीजांचे. नवल हें कीं, ज्या लोहमार्गावर हा प्रकार चाले, तो सरहद्दीवरील जकात उठवून टाकण्याच्या एका तहांतूनच जन्मास आला होता.

मुरगांवचें बंदर निसर्गानें मुक्त हस्तानें घडविलें आहे. जुवारी नदीच्या मुखाशीं डोंगराचा एक लांब हात समुद्रांत गेलेला आहे, आणि त्याच्या आडोशाला खोल पाणी आहे. मांडवीच्या तोंडाशीं पावसाळ्यांत वाळूचा बांध उभा राहतो व पणजीस जहाज नेणें कठीण होतें. मुरगांवास ती अडचण नाहीं. पोर्तुगीजांना ही गोष्ट फार पूर्वीं कळली होती. १६८३ सालीं छत्रपति संभाजी महाराजांनीं गोव्यावर चाल केली, तेव्हां जुन्या गोव्याच्या शहराचें रक्षण करणें किती अवघड आहे, हें व्हाइसरॉय काउंट आल्व्होर यास पुरतें कळून चुकलें आणि त्यानें राजधानीच मुरगांवास हलविण्याचा घाट घातला. कांहीं इमारतींचीं कामें सुरूही झालीं. पुढें तो बेत बारगळला, आणि बंदर आणखी दोनशें वर्षें जसेंच्या तसें पडून राहिलें.

त्या बंदरास जाग आली ती कापसामुळें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला, आणि धारवाड-हुबळीकडील कापसाला एकाएकीं सोन्याचा भाव आला. हा कापूस बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून घाट उतरून कुमठ्याला व कारवारला जाई. उत्तर कानडा जिल्हा १८६२ सालीं मद्रास इलाख्यांतून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यांत आला, त्याच्या मुळाशीं कारवार बंदर सुधारून घेण्याची मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची निकड होती. कारवारपासून हुबळीपर्यंत आगगाडी नेण्याची भाषाही तेव्हां पुष्कळ झाली. ती भाषाच राहिली. कारवारकरांना हें शल्य पुढें किती पिढ्या टोंचत राहिलें, हें त्या बाजूच्या लोकांना सांगावयास नको.

मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. बेल्लारी, धारवाड, विजापूर या मुलुखांत माणसें अन्नावांचून मेलीं, आणि बाहेरचें धान्य वेळेवर आंत पोहोंचविण्यास रस्ता नाहीं, अशी स्थिति दिसून आली. ओढणारे बैलच चाऱ्यावांचून मेल्यावर बैलगाड्यांचा काय उपयोग? पश्चिम किनाऱ्यावरील एखाद्या बंदरापासून या मुलुखांत लोहमार्ग पाहिजे, हें इंग्रज सरकारच्या मनानें घेतलें. आणि सर्वांत जवळचें खोल बंदर दुसऱ्याच्या राज्यांत होतें.

लिस्बन येथील इंग्रज वकील रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालचा परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हो यांच्या वाटाघाटींतून २६ डिसेंबर १८७८ रोजीं तह झाला. तो १८८० च्या जानेवारींत अंमलांत आला व त्याची मुदत बारा वर्षांची ठरली. दोन्ही राज्यांमधील जकात उठवावी, मुरगांवपासून ब्रिटिश हद्दीपर्यंत लोहमार्ग बांधावा आणि पलीकडून इंग्रजांनीं आपला मार्ग त्यास आणून भिडवावा, हें सर्व कागदावर चांगलेंच दिसत होतें. सुधारणेचें वारें आपल्या राज्यांत यावें, अशी आंद्राद कोर्व्हो याची मनापासून इच्छा होती, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु इंग्रजांनीं जकात उठविण्याचें जें मोल मागितलें, तें लिस्बनच्या मंत्र्यास द्यावें लागणार नव्हतें. तें साष्टी, बार्देश आणि तिसवाडीच्या खाजणांत मीठ पिकविणाऱ्या माणसांस द्यावें लागणार होतें.

गोव्याचें मीठ हा मोठा धंदा होता. खाडीकांठच्या मिठागरांत उन्हाळाभर मीठ पिके. गलबतांतून तें किनाऱ्यानें जाई आणि लमाणांच्या बैलांवरून घाट चढून देशावर जाई. ब्रिटिश हद्दींत मिठावर जबर कर होता. सरहद्दीवरील नाके उठविले तर हें स्वस्त मीठ कर न भरतां मुंबई इलाख्यांत शिरणार, हें उघड होतें. म्हणून गोव्यांतील मिठाचा सारा कारभारच इंग्रजांनीं आपल्या हातीं घेतला. किती मीठ पिकवावयाचें, कोणत्या मिठागरांत पिकवावयाचें, कोणत्या भावानें विकावयाचें, हें इंग्रजांचें मिठाचें खातें ठरवूं लागलें. पुष्कळ लहान मिठागरें बंद पडलीं. आपल्याच गांवच्या खाजणांत पिकलेल्या मिठावर गोव्याच्या माणसास परक्या सरकारच्या दरानें कर भरावा लागला. ताडी-माडीच्या बाबतींतही मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा गोव्यांत आला, आणि माडावर चढून पोट भरणाऱ्या भंडाऱ्यांना त्याची झळ बसली.

या नुकसानीबद्दल इंग्रज सरकारनें दरसाल चार लक्ष रुपये देण्याचें कबूल केलें होतें. ते पोर्तुगीज सरकारच्या तिजोरींत जात. मिठागराच्या बांधावर उभा असलेल्या माणसाचा त्या चार लक्षांशीं कांहीं संबंध आला नाहीं. एक राज्य दुसऱ्या राज्याला भरपाई देतें, तेव्हां ज्याचें नुकसान झालें त्याच्या घरापर्यंत ती पोहोंचतेच असें नाहीं. लोहमार्गाच्या हिशेबांत रूळ, पूल, बोगदे आणि धक्के यांचा खर्च आढळतो. ओसाड पडलेल्या मिठागरांसाठीं त्यांत रकाना नाहीं.

लोहमार्ग बांधण्यासाठीं १८८१ सालीं लंडनमध्यें एक कंपनी उभी राहिली. तिचें नांव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. या लांबलचक नांवांतील महत्त्वाचा शब्द 'गॅरंटीड' हा होय. त्याचा अर्थ असा कीं, भांडवल घालणाऱ्यांना ठराविक दरानें व्याज मिळेल, अशी हमी पोर्तुगाल सरकारनें दिली होती. गाडीला उत्पन्न झालें नाहीं तर व्याजाची तूट सरकारनें भरून काढावयाची. हिंदुस्थानांतील पहिल्या आगगाड्याही अशाच हमीवर बांधल्या गेल्या होत्या, आणि तेथील रयतेनें त्या हमीचा भार सोसला होता. येथें फरक इतकाच कीं, हमी देणारें सरकार स्वतःच गरीब होतें.

मुरगांवपासून कॅसलरॉकपर्यंत अंतर अवघें ५१ मैल, म्हणजे सुमारें ८२ किलोमीटर. मार्ग एक मीटर रुंदीचा. त्यांतील पहिला भाग सोपा होता. दाबोळी, कासावली, माजोर्डा, मडगांव, चांदर, सावर्डे अशीं गांवें घेत गाडी भातशेतींतून आणि माडांच्या बागांतून कुळ्यापर्यंत येते. तेथें सह्याद्रि आडवा उभा राहतो. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंत सुमारें १६ मैलांत मार्गाला जवळजवळ पावणेदोन हजार फूट चढावयाचें असतें. चढ चाळिसांस एक, म्हणजे चाळीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें. माणसाच्या पायाला हा चढ जाणवणारही नाहीं. परंतु लोखंडी रुळावर लोखंडी चाक चढवावयाचें असतें तेव्हां हा चढ मोठा बिकट होतो. म्हणून गाडीला मागून जोर देण्यास जादा एंजिनें लावावीं लागतात.

चढण्यापेक्षां उतरणें अधिक धोक्याचें. भरलेल्या गाडीचे ब्रेक सुटले तर ती दरींतच जावयाची. त्यासाठीं या घाटांत एक युक्ति केलेली होती. उतारावर ठिकठिकाणीं मुख्य मार्गापासून फुटून डोंगराच्या अंगावर चढत जाणारा एक आंधळा फांटा ठेवलेला असे, आणि सांधा नेहमीं त्या फांट्याकडेच लावलेला असे. उतरणारी गाडी सांध्यापाशीं येऊन पूर्ण थांबली, म्हणजेच मग सांधेवाला तिला खालचा मार्ग मोकळा करून देई. जी गाडी थांबूं शकत नाहीं, ती आपोआप फांट्यावर चढून चढाच्या योगानें थबकावी, अशी ही योजना. मुंबईकरांनीं बोरघाटांत व थळघाटांत याच तऱ्हेचे फांटे पाहिले असतील.

या घाटाला ब्रागांझा घाट असें नांव मिळालें, तें पोर्तुगालच्या राजघराण्यावरून. तें घराणें १९१० सालीं राज्यावरून गेलें. घाटाला मात्र त्याचें नांव अजून आहे. करंझोळ, सोनावळी हीं स्टेशनें खऱ्या अर्थानें रानांत आहेत. त्यांच्यामध्यें दूधसागर येतो. सुमारें हजार फुटांवरून मांडवीच्या उगमाकडील पाणी फेंस होऊन खालीं येतें, आणि त्या धबधब्याला मधोमध छेदून आगगाडीचा पूल गेलेला आहे. पावसाळ्यांत डब्याच्या खिडकींतून तुषार आंत येतात. तें दृश्य पाहण्यास लोक लांबून येतात, तें योग्यच आहे. परंतु या रानांतील हिंवतापांत, दोरावर लोंबकळत सुरुंगाचीं भोकें पाडणाऱ्या मजुरांच्या हातून हा मार्ग उतरला, हेंही त्या तुषारांत विसरलें जाऊं नये.

पलीकडून सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी हुबळी-लोंढ्याकडून येत होती. १८८८ सालीं दोन्ही मार्ग कॅसलरॉक येथें जोडले गेले. मुरगांवास लाटा अडविणारा बांध आणि जहाजें लागण्याचे धक्के तयार होत गेले. जवळच वास्को द गामा हें नवें शहर वसूं लागलें. हुबळीचा कापूस डब्यांत भरला कीं न उतरतां थेट जहाजापाशीं जावा, अशी सारी तयारी झाली.

येथें दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली, त्याच सदर्न मराठा कंपनीचा लोंढा-बेळगांव-मिरज-पुणें हा मार्ग १८९० पर्यंत पुरा झाला. पुण्यास मोठ्या रुंदीच्या गाडींत माल बदलावा लागे हें खरें. परंतु मुंबईस दलाल, पेढ्या, विमेवाले आणि विलायतेच्या आगबोटी होत्या. व्यापारी माल उतरविण्याचा त्रास सोसतो, परंतु ओळखीची पेढी सोडीत नाहीं. दुसरी गोष्ट याहून मोठी. तहाची बारा वर्षांची मुदत १८९२ च्या जानेवारींत संपली आणि तो पुन्हां झाला नाहीं. जकातीचे नाके परत आले. सरहद्द पुसून टाकण्यासाठीं काढलेला मार्ग घाटासकट पुरा झाला, आणि पुरतीं चार वर्षें झालीं न झालीं तोंच ती सरहद्द त्याच्या मधोमध येऊन बसली. मिठागरें मोडलीं तीं मोडलींच.

पुढील कांहीं वर्षांचा इतिहास तुटीचा आहे. अपेक्षेइतका माल आला नाहीं, आणि हमीच्या व्याजासाठीं पोर्तुगीज सरकारला हात घालावा लागला. १९०२ सालीं गाड्या चालविण्याचें काम सदर्न मराठा कंपनीकडेच सोंपविण्यांत आलें. ती कंपनी १९०८ सालीं मद्रास रेल्वेच्या कांहीं भागाशीं एक होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. म्हणजे मार्ग पोर्तुगीज मुलुखांत, मालक लंडनमध्यें, हमी लिस्बनची आणि गाड्या हिंदुस्थानांतील कंपनीच्या. संडूरच्या डोंगरांतील मँगेनीज मुरगांवावरून परदेशीं जाऊं लागलें, तेव्हां बंदराला थोडी धुगधुगी आली.

मालानें दगा दिला तरी माणसांनीं दिला नाहीं. गोव्यांत पोट भरत नसे, म्हणून गोवेकर बाहेर पडत आलेला होता. आतां त्याला बोटीखेरीज दुसरा रस्ता मिळाला. खलाशी, आचारी, बँडवाले, कारकून असे साष्टी-बार्देशचे ख्रिस्ती लोक मुंबईस धोबीतलावाच्या बाजूला आपआपल्या गांवाच्या नांवानें काढलेल्या 'कुडां'मध्यें उतरत. हिंदु गोवेकरांनीं बेळगांव, पुणें, मुंबई गांठली. शिक्षक, दुकानदार, गवई, नट त्यांत होते. आणि उलट दिशेनें, शांतादुर्गेच्या नाहीं तर मंगेशाच्या दर्शनास, लग्नाच्या किंवा नवसाच्या निमित्तानें, दोन पिढ्यांपूर्वीं गोवा सोडून गेलेलीं कुटुंबें याच गाडीनें येत. कुळ्याच्या नाक्यावर नैवेद्याचीं भांडींही उघडून दाखवावीं लागत. सासरीं बेळगांवास आणि माहेर मडगांवास असलेल्या बाईला आईकडे जावयाचें झाल्यास दोन सरकारांपुढें ट्रंक उघडावी लागे. दारू, घड्याळें, परदेशी कापड अशा जिनसांवर अंमलदारांचा विशेष डोळा असे. आणि त्यांना चुकवून त्या वर नेण्याच्या नाना युक्त्या प्रवाशांत प्रसिद्ध होत्या.

राजकारणही याच मार्गानें आलें. १८ जून १९४६ रोजीं डॉ. राममनोहर लोहिया यांनीं मडगांवास बंदी मोडून सभा घेतली व त्यांना पकडण्यांत आलें. गोव्याबाहेर काढल्यावर ते त्याच वर्षीं सप्टेंबरच्या अखेरीस परत आले, तेव्हां कुळें स्टेशनावरच पोर्तुगीज पोलिसांनीं त्यांना धरून आग्वादच्या किल्ल्यांत नेऊन ठेविलें. ज्या ठिकाणीं दारूच्या बाटल्या पकडीत, त्याच ठिकाणीं आतां माणसें पकडूं लागले.

१५ ऑगस्ट १९५५ रोजीं हजारों निःशस्त्र सत्याग्रही चारी बाजूंनीं गोव्याच्या हद्दींत शिरले. पत्रादेवीकडून गेले, तसे कॅसलरॉककडूनही गेले. पोर्तुगीजांनीं गोळ्या घातल्या. वीसांहून अधिक माणसें मेलीं. त्यानंतर भारत सरकारनें सरहद्द बंद केली आणि कॅसलरॉक-कुळें गाडी थांबली. घाटांतील सोळा मैलांवर रान माजूं लागलें. नाकेबंदीनें पोर्तुगीज सरकार नमेल, अशी अपेक्षा होती. परंतु त्याच वर्षांत गोव्याच्या लोखंडी मातीला जपानकडून व युरोपांतून मागणी आली, आणि ती माती मांडवी-जुवारींतून पडावांनीं थेट मुरगांवास जाऊं लागली. लोहमार्ग नसतांना बंदर भरभराटलें, हा या कथेंतील एक चमत्कारिक भाग आहे. नाकेबंदीचा खरा मार बसला तो वर सांगितलेल्या सासर-माहेराला. आई वारली तरी मुलगी घाट उतरून येऊं शकत नसे, अशीं तीं सहा वर्षें होतीं.

१९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सैन्य गोव्यांत आलें. १९ तारखेस रात्रीं पोर्तुगीज गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्व्हा यानें शरणागति दिली, ती वास्को द गामा येथें. म्हणजे हा लोहमार्ग जेथून निघतो, त्या टोंकाशीं. लोहमार्ग भारतीय रेल्वेंत सामील झाला. हुबळी विभागाबरोबर तो १९६६ सालीं दक्षिण मध्य रेल्वेकडे व २००३ सालीं हुबळी येथें मुख्य कचेरी असलेल्या नैर्ऋत्य रेल्वेकडे गेला. १९९० नंतरच्या दहा वर्षांत मीटर रुंदीचे रूळ काढून तेथें मोठ्या रुंदीचे रूळ टाकले गेले, आणि १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी होऊन मडगांवास या जुन्या मार्गाला छेदून गेली. मुंबईचा उतारू आतां पुणें-लोंढा असा वळसा घालीत नाहीं.

राहिला माल. मुरगांवास जहाजांतून दगडी कोळसा उतरतो आणि बेल्लारीकडील पोलादाच्या कारखान्यांसाठीं याच घाटानें वर चढतो. ज्या मुलुखाचा कापूस खालीं आणण्यास हा मार्ग बांधला, त्याच मुलुखाला आतां खालून कोळसा जातो. त्यासाठीं दुहेरी मार्ग टाकण्याची योजना निघाली, आणि ती मोलेमच्या अभयारण्यांतून जात असल्यानें गोव्यांत तिला मोठा विरोध झाला. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्रीं चांदर येथें हजारों माणसें रुळांवर येऊन बसलीं. त्यांत मेणबत्त्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायका होत्या. १८७८ सालीं त्यांच्या पणज्यांना कोणी विचारलें नव्हतें. यावेळीं प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि मे १९२२ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या मे २०२२ मध्यें न्यायालयानें कॅसलरॉक ते कुळें या भागांतील दुसऱ्या मार्गास वन्यजीव मंडळानें दिलेली मंजुरी रद्द केली.

घाटांत आजही एकच मार्ग आहे. खालीं उतरणारी गाडी कॅसलरॉकला थांबते, ब्रेक तपासले जातात, एंजिनें लावलीं जातात. पेटी उघडावयास कोणी सांगत नाहीं. मग शिटी होते आणि गाडी बोगद्यांत शिरते.